चारशे वर्षांचा पाहुणा

मी कर्वेनगरातल्या वस्त्यांमध्ये बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. बैठका घेणं, वह्या तपासणं, हप्त्यांचा मेळ बसवणं, बँकेच्या चकरा मारणं हे माझं रोजचं काम. आज मात्र जो हिशोब तुमच्यापुढे मांडायचाय, तो एका महिन्याचा नाही, चारशे वर्षांचा आहे. तंबाखूचा.

विषय सुचला तो वहीवरूनच. गेल्या पावसाळ्यात एका गटाची वही बघत होते. अंतर्गत कर्जाच्या पानावर 'कारण' असा रकाना असतो. तिथे कुणाचं 'शाळेची फी', कुणाचं 'शिलाई मशीन'. एका ताईंच्या नावापुढे मात्र वर्षभरात तीन वेळा 'दवाखाना' लिहिलेलं. त्यांचे मालक रिक्षा चालवतात. दोन जिने चढले की दम लागतो, रात्रभर खोकला. डॉक्टरांनी ओढायचा पंप दिलाय. मी विचारलं, "विडी सुटली का हो त्यांची?" तर म्हणाल्या, "कसली सुटतेय ताई! आजोबा ओढायचे, सासरे ओढायचे. खानदानी आहे ती आमच्यात."

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येताना तो शब्द डोक्यातून जाईना. खानदानी! म्हणजे जणू कुलदैवताबरोबरच आलेली. खरंच इतकी जुनी आहे का ही सवय? इतिहास घेऊन बी.ए. केलंय, तेव्हा म्हटलं, बघू तरी.

आणि बघितलं तर काय, तंबाखू आपली नाहीच. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. मिरची, बटाटा, पेरू जसे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आले, तसाच तंबाखूही आला. 'तंबाखू' हा शब्दसुद्धा त्यांच्याच 'तबाको'वरून आलाय. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० साली. म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या काळात आळंदीत कुणी विडी ओढत नव्हतं, कुणी मशेरी लावत नव्हतं. हे झाडच इथे नव्हतं.

तो दख्खनेत कसा रुजला, याची एक गोष्ट लिहून ठेवलेली आहे. मोगल बादशहा अकबराचा असद बेग नावाचा एक सरदार आदिलशाहीच्या विजापुराला गेला होता. १६०४-०५ च्या सुमाराला तो परतला, तेव्हा त्याने विजापूरच्या बाजारातून तंबाखू सोबत नेला. उत्तरेत त्याने असली वस्तू कधी पाहिली नव्हती. छानसा जडावाचा हुक्का करवून त्याने तो बादशहापुढे ठेवला. अकबराने एकदोन झुरके घेतले. दरबारातल्या हकिमाने मात्र हरकत घेतली. त्याचं म्हणणं असं, की हे औषध आपल्या वैद्यांच्या अनुभवातलं नाही, पारखलेलं नाही, तेव्हा बादशहांनी ते घेऊ नये. असद बेगचं उत्तर होतं, की फिरंगी लोक काही खुळे नाहीत, त्यांनी पारखूनच घेतलं असेल. अकबराने पुढे ते ओढलं नाही. पण असद बेगने सरदारांना थोडं थोडं वाटलं, त्यांनी पुन्हा पुन्हा मागितलं, आणि बघता बघता व्यापारी तंबाखू विकू लागले.

मैत्रिणींनो, मला ही गोष्ट वाचून आपल्या कोपऱ्यावरची टपरीच आठवली. आधी कुणीतरी फुकट देतो, "घे रे, एक झुरका घे." मग मागावी लागते. मग विकत घ्यावी लागते. अकबराचा मुलगा जहांगीर याने १६१७ साली तंबाखू ओढण्यावर बंदीही घातली. पण तोवर पाहुणा घरात शिरला होता.

आता विडीचं बघू. हुक्का हे श्रीमंताघरचं काम. गरिबाच्या खिशात बसली ती विडी. पानात तंबाखू गुंडाळून ओढणं लोक आधीही करत असतील, पण विडीचा मोठा धंदा उभा राहिला तो सव्वाशे वर्षांपूर्वी. १८९९ च्या सुमाराला गुजरातेत मोठा दुष्काळ पडला. तिथली काही कुटुंबं पोट भरायला मध्य भारतात, जबलपूरच्या बाजूला गेली. तिथल्या जंगलात टेंभुर्णीची झाडं मुबलक. टेंभुर्णी म्हणजेच तेंदूपत्त्याचं झाड. हे पान विडीला उत्तम, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे रेल्वेच्या सोयीने हा धंदा आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे पसरला, नाशिकजवळ सिन्नरला गेला, सोलापूर, नगर, पुण्यातही आला. स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेट नको म्हणून शिकल्या-सवरलेल्या लोकांनीही विडी जवळ केली.

आता साल लक्षात घ्या. १९०० च्या आसपासचा हा काळ. त्याच सुमाराला इथे, तेव्हाच्या हिंगणे गावात, महर्षी कर्वे अण्णांनी एक झोपडी बांधून विधवा मुलींचा आश्रम आणला. आधी १८९६ साली तो पुणे शहरात सुरू केला होता. अण्णा दिवसभर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी पायी इथे यायचे. त्यांच्या नावावरूनच आपलं हे कर्वेनगर. म्हणजे विडीचा धंदा आणि आपलं कर्वेनगर एकाच वयाचे. खानदानी कसली, चार पिढ्यांचीच गोष्ट ही!

आता बाईमाणसाकडे वळते. महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या बायका थोड्या. आपल्या वाट्याला आली ती मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करून पूड करायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना लावायची. ठसका लागला की शेजारच्यांना कळायचं, आज यांच्याकडे मशेरी भाजतायत. माझ्या आईचा तवाच वेगळा असायचा. आता खरं सांगते. दाढ दुखते म्हणून अकराव्या वर्षी आजीने माझ्याही बोटावर मशेरी ठेवली. दाढेचं दुखणं कमी झाल्यासारखं वाटलं, पण बोट काही सुटलं नाही. कॉलेजात जायच्या आधी, कुणी बघत नाही असं बघून, मी मशेरी लावायचे. उशीर झाला की डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. मला वाटायचं, दात घासायची सवय आहे. ते निकोटिन होतं. ओढा, चघळा नाहीतर घासा, तंबाखूतलं निकोटिन रक्तात जातंच. ते मेंदूला तात्पुरतं बरं वाटायला लावतं आणि तासा-दोन तासांनी पुन्हा मागायला लावतं. यालाच आपण तलफ म्हणतो.

तंबाखूच्या इतिहासात बायका आणखी एका जागी आहेत, राबणाऱ्या म्हणून. सोलापुरात, सिन्नरला बायकांनी मांडीवर सूप घेऊन हजार-हजार विड्या वळून घरं चालवली. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, तरी हजाराच्या हिशोबाची मजुरी आणि छातीत जाणारी तंबाखूची पूड काही चुकली नाही. सीमाभागात आपलं मराठी गाव निपाणी, विडीच्या तंबाखूसाठी नावाजलेलं. १९८१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन केलं, आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. त्याच निपाणीत तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांनीही संघटना बांधली. त्यांच्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' नावाचा चित्रपट केला. याच गटाने आधीच्या वर्षी पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांवर 'मोलकरीण' केला होता. हे सांगते ते यासाठी, की तंबाखूला नावं ठेवताना तो वळणाऱ्या बाईला नावं ठेवू नका. तिला दुसरं काम मिळायला हवं, हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे.

आता प्रश्न असा, की तंबाखू इतका वाईट आहे हे कळलं कधी? अकबराच्या हकिमाला नुसती शंका होती. पुरावा मिळायला साडेतीनशे वर्षं लागली. १९५० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांची माहिती तपासून सिगारेटशी त्याचं नातं दाखवलं. मग त्यांनी १९५१ पासून ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या सवयींची नोंद ठेवली, आणि हा अभ्यास तब्बल ५० वर्षं चालला. निष्कर्ष असा: आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले.

आपल्याकडेही काम झालं बरं का. मुंबईत १९४१ साली टाटा हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या डॉ. खानोलकर, डॉ. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ सालीच विडी ओढणं, तंबाखू चघळणं आणि तोंडा-घशाचा कॅन्सर यांचा संबंध मांडला. पुढे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या गटाने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत १,०१,७६१ लोकांची तोंडं तपासली. १९७२ साली ते प्रसिद्ध झालं. लाखभर लोकांना 'आ करा' म्हणत दारोदार फिरणं म्हणजे काय, हे सर्वेक्षण केलेल्या आपल्यासारख्यांनाच कळेल.

"सिगारेट वाईट, विडी त्यापेक्षा बरी, पानाची असते," असं पुष्कळ जण म्हणतात. मुंबईत सुमारे दीड लाख लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात उलटंच दिसलं. न ओढणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत विडी ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका दीडपटीहून जास्त निघाला, सिगारेटवाल्यांपेक्षाही अधिक. कारण साधं आहे. विडी सारखी विझते, म्हणून जोरजोरात आणि जास्त वेळा ओढावी लागते. धूर खोलवर जातो. त्या धुरात हजारो रसायनं असतात, त्यातली कित्येक कॅन्सर करणारी. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. हृदयाच्या नसा अरुंद होतात. फुप्फुसातले हवेचे नाजूक फुगे फुटतात आणि ते पुन्हा तयार होत नाहीत. आमच्या त्या ताईंचे मालक दोन जिन्यांत थकतात ते यामुळे.

आणि न ओढणाऱ्यांचं काय? १९८१ साली जपानमध्ये डॉ. हिरायामा यांनी ९१,५४० बायकांचा अभ्यास मांडला. या बायका स्वतः कधीच ओढत नव्हत्या. तरी ज्यांचे नवरे खूप सिगारेट ओढायचे, त्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका साधारण दुप्पट होता. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत एक जण ओढतो, पण श्वास तर सगळेच घेतात, पाळण्यातलं बाळसुद्धा.

मशेरीही सुटली नाही. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू खाणाऱ्या किंवा मशेरी लावणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली, आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. मला हा अभ्यास तेव्हा माहीत नव्हता. पहिल्या खेपेला दवाखान्यातल्या नर्सताईंनी माझं तोंड उघडायला लावलं, दात बघितले आणि हळूच म्हणाल्या, "पोटातलं बाळपण लावतंय गं मशेरी." त्या दिवशी डबी फेकली. पहिला आठवडा रडकुंडीचा गेला. पण सुटली.

कायदा मागाहून आला. १९७५ साली सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापायचा कायदा झाला, पण विडीवर काही नाही. मी लहान असताना बसमध्ये पुढच्या बाकावरचा माणूस निवांत विडी शिलगावायचा आणि कुणी काही म्हणायचं नाही. मुंबईचे मुरली देवरा यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने दवाखाने, शाळा, सरकारी कचेऱ्या, बस, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई करायला सांगितलं. २००३ साली देशाचा तंबाखू नियंत्रण कायदा झाला. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढलं तर २०० रुपयांपर्यंत दंड. १८ वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला बंदी, शाळेपासून १०० यार्डांच्या आतही बंदी. २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी आणली. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा आणि चित्र आलं.

कायदे पाळले जातात का, ते तुम्हीच तुमच्या मुलांच्या शाळेभोवती एक चक्कर मारून बघा. पण फरक पडलाच नाही असं नाही. सरकारी पाहणीनुसार २००९-१० मध्ये महाराष्ट्रातली ३१.४ टक्के मोठी माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती. २०१६-१७ मध्ये ते प्रमाण २६.६ टक्क्यांवर आलं. विडी-सिगारेट ओढणारे शंभरात चारांहूनही कमी उरले. मात्र शंभरातल्या १७ बायका अजून तंबाखू वापरतच होत्या. धूर कमी झाला, डबी राहिली.

मग सोडायचं कसं? जे शिकले ते सांगते.

पहिलं, तारीख ठरवायची. एक-दोन आठवड्यांच्या आतली. घरात आणि मित्रांना सांगून ठेवायचं. आदल्या रात्री बंडल, काडेपेटी, डबी सगळं बाहेर.

दुसरं, पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण. डोकं दुखतं, झोप उडते, राग येतो. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. एकेक तलफ मात्र फार तर पाच-दहा मिनिटांची असते. तेवढा वेळ काढायचा: पाणी प्यायचं, बडीशेप, लवंग तोंडात टाकायची, जागा सोडून चालायला लागायचं. चहाबरोबर विडी लागत असेल तर काही दिवस चहाची जागा बदला. टपरीवरून जाणारा रस्ता बदला.

तिसरं, मदत मागायला लाजू नका. निकोटिनचं च्युइंग गम, पट्ट्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या गोळ्या मिळतात. सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६. तंबाखूच्या पाकिटावरच तो नंबर छापलेला असतो.

चौथं, विडी सोडून मशेरी किंवा तंबाखू-चुना धरू नका. ते व्यसन सोडणं नव्हे, नुसतं नाव बदलणं. आणि दाढ दुखत असेल तर दाताच्या डॉक्टरकडे जा. मशेरी दुखणं झाकते, बरं करत नाही.

पाचवं, महिन्यातून एकदा आरशात तोंड बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, यातलं काही दिसलं तर लगेच तपासून घ्या.

आणि घरच्यांसाठी एक. टोमणे मारून कुणाची विडी सुटत नाही. माझे वडील गवंडीकाम करायचे. दोनदा सोडली, दोनदा पुन्हा धरली. प्रत्येक वेळी आम्ही म्हणालो, "बघा, जमलं नाही ना!" तिसऱ्या वेळी आईने काहीच म्हटलं नाही. रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर कालव्याच्या बाजूने फिरायला जायला लागली, एवढंच. तेव्हा सुटली. ते ५० वर्षांचे होते. त्या इंग्लंडच्या अभ्यासात दिसलंय, की पन्नाशीत सोडली तरी साधारण सहा वर्षं परत मिळतात, तिशीत सोडली तर जवळपास दहाच्या दहा. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. फुप्फुसाचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही, पण ते वाढायचं मंदावतं. आईची मशेरी मात्र अजून चालू आहे. सांगते, कारण सगळं गोडगोड सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

आमच्या त्या गटात आम्ही एक हिशोब मांडला. दिवसाला ३० रुपयांची विडी धरली तर महिन्याला ९००, वर्षाला १०,९५०. आमची मासिक बचत ३०० रुपये. म्हणजे एका माणसाच्या धुरात तीन सभासदांची बचत जाते. हे ऐकून त्या ताई गप्प झाल्या. घरी जाऊन त्यांनी मालकांना वही दाखवली. मालकांनी विडी सोडली, ४० दिवस टिकली, मग एका लग्नात पुन्हा हातात आली. परवा पुन्हा तारीख ठरवलीय. गटाच्या बैठकीत आता आम्ही हप्त्याबरोबर हेही विचारतो, "किती दिवस झाले?" कुणी हसत नाही.

मैत्रिणींनो, अण्णांनी हिंगण्यात झोपडी बांधली, तेव्हा विधवेचं डोकं भादरणं ही शास्त्रातली रीत आहे, ती कशी मोडणार, असंच लोक म्हणत होते. ती रीत विडीपेक्षा कितीतरी जुनी होती. अण्णांनी १८९३ साली स्वतः विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार पडला. आज त्याच हिंगण्याच्या रस्त्याने हजारो मुली सायकलवर, गाडीवर कॉलेजला जातात, आणि ती रीत आपल्या मुलांना समजावून सांगावी लागते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "खानदानी आहे" म्हणालं, तर त्यांना विचारा, किती पिढ्यांची? आणि मग तारीख ठरवायला बसा.